प्रॉक्सी मारणारे तोतये

कॉलेजात कधी प्रॉक्सी मारलीय? सर वहीत डोकं खुपसून पुकारतात, "बेचाळीस?" बेचाळीस नंबर त्या वेळी टपरीवर कटिंग पीत बसलेला असतो. मागच्या बाकावरून कुणीतरी आवाज बदलून "यस सर" म्हणतं आणि बेचाळीस हजर होतो. सरांनी मान वर केली असती तर खेळ तिथेच संपला असता. पण साठ पोरांची हजेरी घेताना मान वर करायला सवड कुणाला असते?

तुमच्या घरातलं वाय-फाय, ऑफिसातलं लॅन, कोपऱ्यावरच्या कॅफेचं फुकटचं नेट, सगळं याच पद्धतीने चालतं. मान वर न करता. या हजेरीला एआरपी म्हणतात आणि खोट्या "यस सर"ला एआरपी स्पूफिंग. आपल्याकडे त्यासाठी आयता शब्द आहे, तोतयेगिरी.

हाक एकाला, ओ दुसऱ्याची

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. आयपी हा भाड्याच्या खोलीचा नंबर, आज हा तर उद्या तो. मॅक ही कारखान्यात मिळालेली जन्मखूण. लॅपटॉपला राउटरकडे काही पाठवायचं असलं की तो भर चौकात ओरडतो, "१९२.१६८.१.१ कोण आहे रे?" राउटर ओ देतो, "मी! माझा मॅक अमुक अमुक." लॅपटॉप ते टिपून घेतो आणि कामाला लागतो. ओळखपत्र दाखव नाही, सही कर नाही.

ही पद्धत एमआयटीच्या डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहून काढली, आरएफसी ८२६ या नावाने. तेव्हा नेटवर्कवर मोजकी यंत्रं आणि ती वापरणारी माणसं एकमेकांच्या ओळखीची. गावात दाराला कडी लावायची रीत नसते, तसलाच प्रकार. गंमत म्हणजे मिळालेला निरोप आधी वहीत टिपून घ्यायचा आणि तो प्रश्न होता की उत्तर हे त्यानंतर बघायचं, असा क्रमच त्या मसुद्यात घालून दिलाय. तोही दोन उद्गारचिन्हं ठोकून! म्हणजे कुणी विचारलेलं नसतानाही "मीच राउटर" असं सांगत फिरणाऱ्यावर विश्वास ठेवायची सोय पहिल्या दिवसापासून आहे. चार दशकं उलटली, पण तुमच्या फोनमध्ये आजही बहुतेक तेच चालतं.

आणि हा सगळा निरोप केवढा? २८ बाइट. इथरनेटला मात्र ४६ बाइटपेक्षा कमी माल चालत नाही, म्हणून उरलेले १८ बाइट भरताड घालून पाठवतात. वेफर्सच्या पुडीतल्या हवेसारखे.

तोतयाला दम खाता येत नाही

स्पूफिंग करणारा दोन थापा मारतो. लॅपटॉपला सांगतो, "मी राउटर." राउटरला सांगतो, "मी लॅपटॉप." दोघांची बोलणी त्याच्या अंगणातून जाऊ लागतात. तो ऐकू शकतो, बदलू शकतो किंवा नुसतीच गिळून टाकू शकतो.

पण या धंद्यात एक अडचण आहे. यंत्रांची स्मरणशक्ती अल्प असते. लिनक्स आणि विंडोज साधारण १५ ते ४५ सेकंदांत टिपलेल्या पत्त्याबद्दल साशंक होतात आणि पुन्हा खात्री करायला निघतात. (सिस्कोचे राउटर जुन्या वळणाचे. एकदा ऐकलेलं चार तास धरून बसतात.) शिवाय खरा राउटर जिवंत असतो, तोही मधूनमधून ओ देतो. त्यामुळे तोतयाला खोटं एकदा बोलून भागत नाही, दर दोन-चार सेकंदांनी तेच घोकावं लागतं. ज्या नेटवर्कवर एरवी शांतता असते, तिथे कुणी न विचारता "मी राउटर, मी राउटर" असा जप चालू झाला, की समजावं.

या जपाचं सर्वांत गाजलेलं अवजार म्हणजे 'आर्पस्पूफ'. मिशिगन विद्यापीठात शिकलेल्या डग साँग यांच्या 'डीस्निफ' या पेटाऱ्यातलं. नेटवर्क किती कच्ची असतात हे दाखवून द्यायला २००० सालाच्या आसपास त्यांनी तो खुला केला. हे अवजार मोठं सभ्य आहे. बंद करताना ते दोन्ही बाजूंना खरे पत्ते पुन्हा कळवून जातं. घरफोडी झाल्यावर दार ओढून घेणारा चोर! पुढे साँग यांनी लॉगिनची दुहेरी खात्री करणारी ड्युओ सिक्युरिटी ही कंपनी काढली आणि सिस्कोने २०१८ मध्ये ती २३५ कोटी डॉलरना विकत घ्यायचं जाहीर केलं. बनावट किल्ल्यांची माहिती असलेला माणूस कुलपं चांगली बनवतो, यात नवल नाही.

भाऊसाहेबांचं फ्लिप फ्लॉप

पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. पुढे एक गृहस्थ "मीच भाऊ" म्हणत उभे राहिले आणि १७७६ मध्ये त्यांनी कोकणात किल्ले घेण्यापर्यंत मजल मारली. भाऊंना डोळ्यांनी पाहिलेली माणसं तेव्हा पुण्यात हयात होती, तरीही हजारोंनी त्या तोतयाला ओ दिली. बंड मोडलं, त्याच वर्षी तोतयाला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिलं, 'तोतयाचे बंड'.

इतिहासाच्या मास्तरांनी मला मारून टाकायच्या आत मुद्द्यावर येतो. तोतया पकडायला हुशारी कमी आणि आठवण जास्त लागते. काल इथे कोण होतं, हे ज्याला पक्कं ठाऊक, तोच आज आलेल्याला हटकू शकतो. एआरपीकडे नेमकी हीच गोष्ट नाही. म्हणून तोतया पकडणारी झाडून सगळी अवजारं म्हणजे शेवटी वेगवेगळ्या रंगांच्या वह्या आहेत.

त्यातली सगळ्यात जुनीजाणती वही म्हणजे 'आर्पवॉच'. ती कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतली. नेटवर्कवरची पॅकेट उघडून दाखवणारं 'टीसीपीडंप' ज्या मंडळींनी लिहिलं, त्याच घराण्यातली. आर्पवॉच काही अडवत नाही, कुणाला हाकलत नाही. सोसायटीच्या वॉचमनसारखं गेटवर बसून राहतं आणि कोणता आयपी कोणत्या मॅकबरोबर, शेवटचा कधी दिसला, एवढंच लिहितं. नवा चेहरा दिसला की साहेबांना ईमेल, 'न्यू स्टेशन'. जोडी बदलली की ईमेल, 'चेंज्ड इथरनेट अ‍ॅड्रेस'. एखादी जोडी सहा महिने दिसली नाही आणि मग उगवली, तर तेही कळवतं. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चुलत्यांची नोंद ठेवावी तसं.

पण ज्या ईमेलमुळे सिसअ‍ॅडमिनच्या घशातला घास अडकतो तो 'फ्लिप फ्लॉप'चा. एकाच आयपीवर कधी हा मॅक, कधी तो, पुन्हा हा, पुन्हा तो. खरा राउटर आणि तोतया आळीपाळीने ओ देताहेत. शब्द स्लिपरचा आहे, पण बहुधा कुणीतरी आपली चप्पल पळवलेली असते.

आडनावावरून गाव

मॅक पत्त्यात सहा जोड्या असतात आणि पहिल्या तीन सांगतात माल कोणत्या कारखान्याचा. आपल्या पुणेकर, सातारकर, वेंगुर्लेकर आडनावांसारखं. ही आडनावं आयईईई ही संस्था वाटते. पहिलं, म्हणजे सगळी शून्यंच असलेलं, झेरॉक्सच्या वाट्याला आलं. साहजिकच आहे, इथरनेटचा जन्म १९७३ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतला. एका आडनावाखाली १,६७,७७,२१६ घरं बसतात. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाचं एक जुनं आडनाव बी८-२७-ईबी.

याचा उपयोग? काल रात्रीपर्यंत तुमचा राउटर एका राउटर-कंपनीचं आडनाव लावत होता आणि आज सकाळी अचानक तो 'रास्पबेरीकर' झाला, तर गाव बदललेलं नाही, माणूस बदललाय. अर्थात मॅकही खोटा लावता येतो, पण आळशी तोतये आडनावातच सापडतात.

आता हीच गंमत तुमच्या खिशात. फोनचा वाय-फाय पत्ता काढा आणि पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर बघा. तिथे २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्याचा नाही, फोनने स्वतःच पाडून घेतलेला आहे. दुकानादुकानांतून तुमचा माग काढता येऊ नये म्हणून अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन वेगवेगळ्या नेटवर्कवर वेगवेगळं नाव सांगतात. तुमच्या खासगीपणाला हे बरं, आर्पवॉचच्या वहीला मात्र डोकेदुखी. दिवाळीच्या फराळाला आलेला प्रत्येक पाहुणा 'न्यू स्टेशन' होऊन बसतो.

प्रोग्रामर मंडळी चाचणीसाठी पत्ते पाडतात तेव्हा त्यांचा विनोदही याच नियमात बसतो. डीई-एडी-बीई-ईएफ, म्हणजे 'डेड बीफ', किंवा सीए-एफई, म्हणजे 'कॅफे'. दुसरी अक्षरं तपासून बघा, ई आणि ए. अगदी कायदेशीर टवाळी.

"काकू, चहा घेणार?"

तोतयाला निदान बोलावं तरी लागतं. नुसता चोरून ऐकणारा काही बोलतच नाही, मग तो पकडायचा कसा? यावर १९९९ मध्ये बोस्टनच्या लॉफ्ट या हॅकर टोळक्याने एक नामी युक्ती बाजारात आणली, 'अँटीस्निफ'. (हेच ते सात जण, ज्यांनी मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर बसून अर्ध्या तासात इंटरनेट बंद पाडू शकतो, असं शांतपणे सांगितलं होतं.)

युक्ती अशी. संशयित यंत्राच्या आयपीवर 'जागा आहेस का?' असा निरोप पाठवायचा, पण पाकिटावर मॅक मुद्दाम चुकीचा घालायचा. प्रामाणिक नेटवर्क कार्ड म्हणेल, पाकीट माझं नाही, आणि फेकून देईल. सगळ्यांचीच पाकिटं फोडून वाचण्याच्या अवस्थेत ठेवलेलं कार्ड मात्र हेही फोडतं, आत आपला आयपी बघतं आणि उत्साहाने उत्तर देतं, "हो हो, जागा आहे!"

तुम्ही दार लावून, आवाज खाली आणून घरातल्याच माणसाला विचारावं, "काकू, चहा घेणार?" आणि भिंतीपलीकडून शेजाऱ्याने म्हणावं, "अर्धा कप!"

हल्लीच्या यंत्रणा या सापळ्यात पूर्वीइतक्या सहज पाय ठेवत नाहीत. पण माझ्या मते संगणकसुरक्षेतला याहून चांगला विनोद अजून व्हायचाय.

घर शाबूत, पत्ता लंपास

जून २००८. मेटास्प्लॉइट हे नेटवर्कच्या भोकांची परीक्षा घेणारं प्रसिद्ध अवजार. त्याच्या वेबसाइटवर गेलेल्या लोकांना एके दिवशी भलतंच पान दिसलं, हॅक झाल्याची शेखी मिरवणारं. हॅकरांच्या गुरूचंच घर फुटलं म्हणून चर्चा सुरू झाली. कर्तेधर्ते एच. डी. मूर यांनी तपासलं तर त्यांचा सर्व्हर ठणठणीत. त्याच्या केसालाही धक्का नव्हता. मग?

त्यांच्या सर्व्हरशेजारी, त्याच होस्टिंगवाल्याच्या त्याच लॅनवर, दुसऱ्याच कुणाचा तरी एक सर्व्हर होता. तो फोडला गेला होता आणि तिथून एआरपीच्या थापा मारून मेटास्प्लॉइटची रहदारी मध्येच अडवली जात होती. तुम्ही दाराला कितीही कुलपं लावा, जिन्यात उभा राहून कुणी तुमच्या पाहुण्यांना भलत्या खोलीत नेत असेल तर काय करणार! मूर यांनी उपाय केला तो १९८२ च्या मसुद्याइतकाच साधा. राउटरचा खरा मॅक हाताने, पक्क्या शाईत लिहून टाकला. आता कुणी कितीही ओरडो, वही बदलणार नाही.

सगळ्याच यंत्रांत असं हाताने का लिहीत नाहीत? पाच यंत्रं असतील तर लिहा की. पाचशे असली आणि सोमवारी राउटर बदलला, तर मंगळवारी राजीनामा लिहावा लागेल.

जरा मागे जाऊन एक किस्सा. हा एआरपीचा नाही, आयपीच्या तोतयेगिरीचा आहे, पण पकडण्याची तऱ्हा बघा. १९९४ चा नाताळ, सॅन दिएगो. सुरक्षातज्ज्ञ त्सुतोमू शिमोमुरा सुट्टीवर. त्यांच्या यंत्राचा ज्या दुसऱ्या यंत्रावर विश्वास होता, त्याचं सोंग घेऊन कुणीतरी आत शिरलं आणि मागच्या खुणा पुसल्या. पण शिमोमुरांच्या लॉगची, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीची, एक प्रत आपोआप दुसरीकडे जात असे. तिथे लक्षात आलं की कालच्यापेक्षा आजची फाइल लहान आहे. लॉग वाढतो, लहान होत नाही! वहीची पानं फाडलेली दिसली म्हणजे वहीत काय होतं हे न वाचताही चोरी कळते. संशय केव्हिन मिटनिक या फरार हॅकरकडे वळला आणि १५ फेब्रुवारी १९९५ ला त्याला उत्तर कॅरोलायनातल्या रॅलेमध्ये अटक झाली.

सरकारमान्य थापाडे

प्रत्येक खोटा "यस सर" गुन्हा नसतो, हीच पकडणाऱ्यांची खरी पंचाईत. 'प्रॉक्सी एआरपी' नावाची गोष्ट खरोखर आहे, १९८७ पासून कागदोपत्री. पलीकडच्या नेटवर्कमधल्या यंत्रासाठी राउटर स्वतःच ओ देतो, तेही राजरोस. मोठ्या ऑफिसांत दोन राउटर मिळून एकच नकली मॅक वापरतात. मुख्य नट आजारी पडला की बदली नट त्याच पोशाखात रंगमंचावर येतो आणि "आता मी आहे हं" अशी न विचारता घोषणा करतो. तोतया करतो अगदी तेच. बदली नटांच्या या पोशाखाचंही ठरलेलं आडनाव आहे, ००-००-५ई-००-०१. ते ठाऊक नसलेला नवशिका अ‍ॅडमिन पहिल्याच आठवड्यात निर्दोष राउटरवर आरोपपत्र ठेवतो.

महागड्या नेटवर्क स्विचमध्ये वॉचमनच्या हातात दंडुकाही असतो. 'डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन' म्हणतात त्याला. कुणाला कोणता आयपी दिला याची यादी स्विच आधीच जमवून ठेवतो आणि यादीशी न जुळणारी ओ सरळ केराच्या टोपलीत टाकतो. सिस्कोच्या स्विचवर, काही बदललं नसेल तर, अनोळखी पोर्टवरून सेकंदाला १५ पेक्षा जास्त एआरपी निरोप आले की तो पोर्टच बंद पडतो. यात बहुतेकदा सापडतो कोण? सगळ्या यंत्रांची मोजदाद करायला निघालेला बिचारा स्वतःच्याच ऑफिसचा माणूस.

रूम नंबर वगैरे जाऊ दे

पुण्यात हॉस्टेलवर असताना आमचं नेट रात्री बरोबर साडेनऊला जायचं. मजल्यावरच्या एकाच खोलीत मॅच मात्र सुरळीत. आम्ही केबलवाल्याला शिव्या घातल्या, पावसाला घातल्या. महिनाभराने कुणीतरी कमांडची खिडकी उघडून 'एआरपी -ए' ही यंत्राची वही दाखवणारी आज्ञा टाइप केली. राउटरच्या ओळीत जो मॅक होता, तोच त्या खोलीतल्या लॅपटॉपच्या ओळीत. पठ्ठ्या नेटकट वापरत होता, म्हणजे हेच तंत्र बटणावर आणून ठेवलेलं. सगळ्यांची पाकिटं स्वतःकडे वळवायची आणि पुढे पाठवायचीच नाहीत. शिक्षा म्हणून आम्ही त्याला दोन आठवडे मॅगी करायला लावली.

स्वस्तात सुटला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली अशा उद्योगाला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने कंपन्यांना सांगून ठेवलंय की स्पूफिंगसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा, लॉग १८० दिवस जपा आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं सरकारी वेळेशी लावून घ्या. शेवटची अट वाचून हसू येतं, पण दोन वह्यांतल्या वेळा जुळल्या नाहीत तर तोतया कुठून कधी आला, हे ब्रह्मदेवालाही लावता यायचं नाही.

आज त्या हॉस्टेलवाल्याला फार काही मिळालं नसतं, हेही खरं. बँक, मेल, गप्पा, सगळं कुलूपबंद पाकिटातून जातं. मध्ये कुणी हात घातलाच तर ब्राउझर लाल पान दाखवून बोंब मारतो. आयपीच्या नव्या आवृत्तीत, व्ही-६ मध्ये, तर एआरपी नावालाही नाही. तिथे शेजाऱ्यांना हाक मारायची वेगळी रीत आहे. तीही समोरच्याच्या शब्दावरच चालते. तिला सहीशिक्क्याची जोड देणारी पद्धत २००५ मध्येच तयार झाली. वापरतं कोण? जवळपास कुणी नाही.

घरच्या घरी

हे लिहिता लिहिता मी स्वतःच्या घरात 'एआरपी -ए' चालवून बघितलं. तुम्हीही बघा, पण आधी दोन गोष्टी. विंडोजच्या यादीत खाली २२४ आणि २३९ ने सुरू होणारे पत्ते दिसतील, शेवटी एफएफ-एफएफ असेल. ते भूत नव्हे, गावजेवणाची आमंत्रणं आहेत, सगळ्यांसाठीची. आणि घरात वाय-फायचा रिपीटर असेल तर चार यंत्रांपुढे एकच मॅक दिसू शकतो. तो निरोप्या आहे, तोतया नाही. राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवरचा मॅक शेवटच्या अक्षरात वेगळा निघाला तरी लगेच पोलिसांत जाऊ नका. त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या तोंडांना बहुधा वेगवेगळे मॅक असतात.

माझ्या यादीत नऊ ओळी निघाल्या. राउटर जागेवर. चार ओळींत दुसरं अक्षर ई किंवा ए, म्हणजे घरातले फोन. दोन लॅपटॉप, एक प्रिंटर. नववा कोण, काही केल्या कळेना. आडनाव शोधलं तर कधी न ऐकलेल्या कंपनीचं. पोटात गोळा आला. मग शास्त्रशुद्ध मार्ग धरला आणि घरातला एकेक प्लग काढत, दर वेळी त्या पत्त्याला हाक मारत सुटलो. फ्रीज नाही, इन्व्हर्टर नाही, मुलीचा बोलणारा स्पीकरही नाही. हॉलमधला चौथा प्लग ओढला आणि नववा एकदम गप्प झाला.

त्याच क्षणी आतून आईचा आवाज आला, "अरे, मालिका कुणी बंद केली?"